झोप का येत नाही?



अशी एक रात्र तुमच्यापैकी पुष्कळांनी अनुभवली असेल. उद्या सकाळी गणिताचा पेपर आहे. पेन, कंपासपेटी, हॉलतिकीट सारे दप्तरात नीट ठेवून झाले आहे. आई म्हणाली, "आज लवकर झोप हं." म्हणून एरवी अकराला झोपणारे तुम्ही नऊलाच दिवा मालवून आडवे झालात. साडेनऊ झाले, दहा झाले, तरी झोपेचा पत्ता नाही. कुशी बदलून झाल्या, उशी उलटी करून झाली. शेजारी धाकटा भाऊ खुशाल घोरतो आहे. मग मनात हिशेब सुरू होतो. 'आत्ता झोप लागली तर सात तास मिळतील. आता सहाच. झोप झाली नाही तर पेपर कसा लिहिणार?' हिशेब जसा वाढतो तशी झोप आणखी दूर पळते.

त्या रात्री तुमचे चुकले कुठे? गंमत अशी, की तुम्ही झोपेसाठी म्हणून जे केलेत त्यातल्या बहुतेक गोष्टींनी झोप दूर लोटली! ते कसे हे कळण्यासाठी मुळात झोप येते कशी, हे आधी पाहू.

मेंदूची सुट्टी नव्हे

दिवा मालवावा तसा मेंदू रात्री मालवतो, अशी समजूत फार दिवस होती. ती खोटी ठरली एका उपकरणामुळे. हान्स बर्गर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी माणसाच्या डोक्यावर धातूच्या पट्ट्या लावून मेंदूत उठणाऱ्या अतिशय क्षीण विद्युत् लहरी टिपल्या आणि १९२९ साली त्या प्रसिद्ध केल्या. या आलेखाला मेंदूलेख म्हणतात. झोपलेल्या माणसाचा मेंदूलेख घेतला तेव्हा दिसले, की मेंदू बंद पडलेला नसतो. त्याच्या लहरींची चाल तेवढी बदललेली असते.

झोप लागली की लहरी हळूहळू मंद आणि उंच होत जातात. ही गाढ झोप. पुढे काही वेळाने मेंदूलेख पुन्हा जागेपणीसारखा होतो, मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळे भराभर इकडे तिकडे फिरू लागतात आणि हातापायांचे स्नायू मात्र अगदी सैल पडतात. या अवस्थेतल्या माणसाला उठवले तर तो बहुधा स्वप्न पाहत असल्याचे सांगतो. शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी या अवस्थेचे वर्णन १९५३ साली प्रसिद्ध केले. गाढ झोप आणि ही स्वप्नांची झोप मिळून होणारे एक आवर्तन सुमारे ९० मिनिटांचे असते. रात्रीत अशी चार-पाच आवर्तने होतात. दोन आवर्तनांच्या मध्ये क्षणभर जाग येणे हे अगदी नैसर्गिक आहे. सकाळी ते आपल्या लक्षातही राहत नाही.

या वेळात मेंदू रिकामा बसत नाही. अमेरिकेत जेन्किन्स आणि डॅलेनबाख या दोघांनी १९२४ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन विद्यार्थ्यांना त्यांनी दहा-दहा निरर्थक अक्षरसमूह पाठ करायला लावले. कधी पाठांतरानंतर विद्यार्थी झोपत, कधी आपले नेहमीचे उद्योग करीत. आठ तासांनी विचारल्यावर, झोपून उठलेल्यांना निम्म्याहून थोडे जास्त आठवत, तर जागे राहिल्यास दहांपैकी जेमतेम एखादा! त्यानंतर झालेल्या अनेक प्रयोगांनी दाखवले आहे, की दिवसा शिकलेले पक्के करण्याचे काम मेंदू झोपेत करतो. म्हणजे झोप हा अभ्यासातला खंड नाही. तो अभ्यासाचाच उत्तरार्ध आहे.

लाजाळूचे घड्याळ

आता मुख्य प्रश्न. रात्र झाली की झोप का येते? अंधार पडतो म्हणून, असे तुम्ही म्हणाल. हेच उत्तर एका फ्रेंच शास्त्रज्ञाने तीनशे वर्षांपूर्वी तपासून पाहिले.

लाजाळूची पाने दिवसा उघडतात आणि रात्री मिटतात. झां-झाक द मेरां यांनी १७२९ साली अशा झाडाची कुंडी बंद, अंधाऱ्या जागी ठेवली. उजेडाचा किरणही आत जात नव्हता. तरी पाने सकाळी उघडत आणि संध्याकाळी मिटत! सूर्य न दिसताही झाडाला दिवसरात्र कळत होती. म्हणजे घड्याळ झाडाच्या आतच होते.

माणसाचे काय? मिशेल सिफ्र हा तेवीस वर्षांचा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ १६ जुलै १९६२ रोजी आल्प्स पर्वतातल्या एका बर्फाळ गुहेत उतरला. बरोबर घड्याळ नव्हते आणि सूर्यप्रकाश तर नव्हताच. झोपताना आणि उठल्यावर तो वर थांबलेल्या सहकाऱ्यांना टेलिफोन करी. सहकारी वेळ टिपून घेत, त्याला मात्र सांगत नसत. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर बोलावले, तेव्हा त्याच्या हिशेबाने तारीख होती २० ऑगस्ट. पंचवीस दिवस हिशेबातून हरवले होते! मन असे पार चुकले, पण शरीर चुकले नाही. टेलिफोनच्या नोंदी पाहिल्या तर त्याचे झोपणे-उठणे साडेचोवीस तासांच्या आसपासच्या ठेक्यात चालले होते.

हे घड्याळ असते कुठे? मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तेथे, दोन्ही डोळ्यांच्या चेता जेथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे वीस हजार चेतापेशींचा एक इवलासा पुंजका आहे. हेच आपले मुख्य घड्याळ, असे १९७२ साली उंदरांवरील प्रयोगांतून दिसून आले. पेशीच्या आत हे घड्याळ कोणत्या जनुकांवर चालते, हे फळमाशीवर संशोधन करून दाखवणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे घड्याळ मात्र जरा मागे पडणारे आहे. १९९९ साली काळजीपूर्वक केलेल्या मोजणीत माणसाच्या घड्याळाची फेरी सरासरी २४ तास ११ मिनिटांची भरली. आता तुम्हीच गणित करा. रोज ११ मिनिटे, तर तीस दिवसांत किती? ३३० मिनिटे, म्हणजे साडेपाच तास. रोज दुरुस्त केले नाही तर महिन्याभरात आपली रात्र पहाटे सुरू होईल! तसे होत नाही, कारण घड्याळ दररोज लावले जाते. लावणारा आहे सूर्य. दृष्टिपटलात चित्र पाहणाऱ्या पेशींखेरीज, फक्त उजेड किती आहे एवढेच मेंदूच्या घड्याळाला कळवणाऱ्या काही खास पेशी असतात. सकाळचा उजेड घड्याळ पुढे आणतो, रात्रीचा झगझगीत उजेड ते मागे सारतो.

संध्याकाळ झाली, की हेच घड्याळ पिनियल ग्रंथीला मेलॅटोनिन नावाचे संप्रेरक सोडायला सांगते. हा शरीराला दिलेला 'रात्र झाली' असा निरोप असतो. झोपेच्या नेहमीच्या वेळेआधी सुमारे दोन तास तो सुरू होतो. त्या वेळी डोळ्यांवर प्रखर उजेड पडला, तर निरोप उशिरा पोहोचतो.

दिवसभर साठणारी पेंग

नुसत्या घड्याळाने भागत नाही. दुसरी एक यंत्रणा घड्याळाच्या जोडीला काम करते.

शरीरातील ऊर्जेचे चलन म्हणजे एटीपी, हे तुम्ही शाळेत शिकला असाल किंवा लवकरच शिकाल. मेंदू दिवसभर काम करतो, एटीपी खर्च होते आणि त्यातून ॲडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. जितका वेळ जागे राहाल तितकी पेंग वाढते. झोपलात की साठा ओसरतो.

चहा-कॉफीने तरतरी येते ती का, हे आता समजेल. त्यांतील कॅफिनच्या रेणूची ठेवण ॲडेनोसिनसारखी असते. एका कुलपात दुसऱ्याच किल्लीने जाऊन बसावे तसे कॅफिन ॲडेनोसिनच्या जागा अडवून बसते. पेंग साठलेली असतेच, पण ती मेंदूला कळत नाही. रक्तातील कॅफिन निम्मे होण्यास मोठ्या माणसात साधारण पाच तास लागतात. किरणोत्सर्गाच्या धड्यात अर्धायुष्य शिकता, तसेच हे. म्हणजे संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहातले निम्मे कॅफिन रात्री अकरालाही तुमच्या सोबत जागे असते.

साठणारी पेंग आणि चालणारे घड्याळ, या दोन गोष्टी जुळल्या की झोप येते, असा सिद्धान्त झुरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली मांडला. येथे एक खुबी आहे. दिवस जसा चढतो तशी पेंग वाढते, तर मग संध्याकाळी आपण डुलक्या का देत नाही? कारण पेंगेला तोल देण्यासाठी घड्याळही जागेपणाचा जोर वाढवत नेते. आणि हा जोर सर्वांत जास्त कधी असतो? झोपेच्या नेहमीच्या वेळेआधीच्या दोन-तीन तासांत!

आता परीक्षेची रात्र आठवा. एरवी अकराला झोपणारे तुम्ही नऊला आडवे झालात. पेंग पुरती साठली नव्हती आणि घड्याळ तर ऐन जोरात होते. त्या वेळी झोप न येणे हा तुमचा दोष नव्हता. तुमचे शरीर अगदी नियमाप्रमाणे वागत होते.

वाळलेले गवत, ठिणगी आणि वारा

तरीही एखाद्या रात्रीची ही गोष्ट महिनोन् महिने का चालू राहते? निद्रानाश म्हणतात तो असा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी त्याची कारणे तीन गटांत मांडली. ती आपण वणव्याच्या उदाहरणाने समजून घेऊ.

वणवा लागायला वाळलेले गवत लागते. काही माणसे जन्मतःच हलक्या झोपेची किंवा काळजी करणारी असतात. हे झाले गवत. मग ठिणगी पडते. परीक्षा, आजारपण, घरातले भांडण, जवळच्या माणसाचा मृत्यू, असे काही घडते. अशा वेळी शरीर 'सावध' अवस्थेत जाते. नाडी जलद चालते, मन राखणदारासारखे खडा पहारा देते. संकटाच्या रात्री जागता येणे हा आपल्या पूर्वजांना उपयोगी पडलेला गुण आहे, तो काही बिघाड नव्हे. बहुतेकांची झोप ठिणगी विझली की आपोआप परत येते.

पण काहींच्या बाबतीत वारा सुटतो, आणि तो वारा आपणच घालतो. झोप झाली नाही म्हणून दुपारी दोन तास झोपतो, त्यामुळे साठलेली पेंग संपून जाते. झोप भरून काढायची म्हणून रात्री लवकर अंथरुणात शिरतो आणि जागे पडून राहतो. सकाळी उशिरा उठतो, की घड्याळ मागे पडते. दिवसा पेंग येते म्हणून चहा वाढवतो. परीक्षा होऊन जाते, निकालही लागतो, ठिणगी केव्हाच विझलेली असते. जळत राहतो तो वाऱ्यावरचा वणवा.

यात आणखी एक गोष्ट घडते. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांचा प्रयोग तुम्हांला ठाऊक असेल. खाण्याबरोबर रोज एक खूण दिली, तर पुढे नुसत्या खुणेनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. अंथरुण ही अशीच एक खूण आहे. ज्याला रोज पाठ टेकताच झोप लागते, त्याला अंथरुण पाहूनच जांभई येते. पण कोणी रोज दोन-दोन तास अंथरुणात काळजी करीत पडला, तर त्याचे शरीर शिकते, की अंथरुण म्हणजे जागे राहून काळजी करण्याची जागा! असा माणूस खुर्चीत वाचता वाचता पेंगतो आणि अंथरुणावर येताच टक्क जागा होतो. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली यावरून एक साधा उपाय सुचवला. झोप येत नसेल तर अंथरुणातून उठावे आणि झोप आली तरच परत यावे. शरीर जे चुकीचे शिकले, ते असे पुसता येते.

या साऱ्याचे सार एका वाक्यात सांगता येईल. झोप जोर लावून आणता येत नाही. ती पचनासारखी आहे. 'अन्ना, लवकर पच' असे तुम्ही पोटाला सांगू शकत नाही. पण वेळेवर, बेताने जेवणे तुमच्या हातात असते, आणि तेवढे केले की पोट आपले काम आपण करते.

तुमच्या वयाची एक अडचण

तेरा ते अठरा या वयात रोज आठ ते दहा तास झोप हवी, असे झोपेचे तज्ज्ञ सांगतात. पण याच वयात आतले घड्याळ नैसर्गिकपणेच उशिराकडे सरकते. मेलॅटोनिनचा निरोप लहान मुलांपेक्षा उशिरा येतो. म्हणून दहावीतल्या ताईला रात्री अकराला ताजेतवाने वाटते आणि सकाळी सहाला तिला उठवता उठवता आजी थकते. तो नुसता आळस नव्हे. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवावेत अशी सूचना काढली, त्यामागे मुलांची अपुरी झोप हेच कारण होते. मोठ्या मुलांचे घड्याळ तर याहूनही मागे असते.

म्हणून तुम्ही आपल्या बाजूने घड्याळ आणखी मागे ढकलू नये, एवढे तरी पाहा. रोज सहाला उठणारा मुलगा रविवारी साडेआठला उठला, तर घड्याळाच्या दृष्टीने तो अडीच तास पश्चिमेला गेला. मुंबईच्या आणि आफ्रिकेतल्या नैरोबीच्या वेळेत एवढेच अंतर आहे! रविवारी घरबसल्या नैरोबीला जायचे आणि सोमवारी पहाटे परत यायचे, मग पहिल्या तासाला डोळे मिटणार नाहीत तर काय?

मग काय करावे?

कारणे कळली की उपाय पाठ करावे लागत नाहीत. ते त्यातूनच निघतात.

१. उठण्याची वेळ पक्की करा. झोपण्याची वेळ आपल्या हातात पूर्णपणे नसते, उठण्याची असते. रविवारी फार तर तासभर सूट घ्या.

२. सकाळी अर्धा तास उघड्यावर जा. घरातल्या दिव्याचा उजेड दोन-तीनशे लक्स असतो, तर बाहेर ढगाळ सकाळीही तो काही हजार लक्स भरतो. चालत किंवा सायकलने शाळेत गेलात तरी घड्याळ लावले जाते.

३. दुपारची वामकुक्षी वीस मिनिटांची ठेवा, आणि तीही तीन वाजण्यापूर्वी. दोन तासांची झोप म्हणजे रात्रीच्या जेवणाआधी पोटभर भजी खाण्यासारखे आहे.

४. दुपारनंतर चहा-कॉफी नको.

५. झोपण्यापूर्वीचा एक तास मंद उजेडात घालवा. मोबाइलचा उजेड अपराधी आहेच, पण त्याहून मोठा अपराधी म्हणजे त्यावर चाललेला खेळ आणि गप्पा. मन एकदा त्यात गुंतले की वेळ कसा जातो ते कळत नाही. मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत ठेवणे सर्वांत उत्तम.

६. काळज्या कागदावर उतरवा. संध्याकाळी पाच मिनिटे बसून उद्या काय काय करायचे ते लिहा. लिहिलेले काम लक्षात ठेवण्यासाठी मनाला पहारा द्यावा लागत नाही.

७. पाय उबदार ठेवा. झोप येताना शरीराच्या आतले तापमान उतरू लागते, आणि ती उष्णता हातापायांच्या त्वचेतून बाहेर पडते. पाय उबदार असले की तेथील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि हे काम सोपे होते. पाय उबदार असलेल्यांना झोप लवकर लागते, असे स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी १९९९ साली दाखवले. आजी काशाच्या वाटीने तळपायाला तेल चोळते, त्याने बरे वाटते, यात नवल नाही. वाटीच्या धातूत जादू आहे असे मात्र समजू नका. चोळण्याने येणारी ऊब आणि आजीचा हात, एवढे पुरेसे आहे.

८. अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठा. दुसऱ्या जागी मंद दिव्यात एखादे शांत पुस्तक वाचा. डोळे जड झाले की परत या. ही वीस मिनिटे घड्याळ पाहून मोजायची नाहीत. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा.

हे करून पाहा

एक वही घ्या आणि दोन आठवडे झोपेची रोजनिशी लिहा. रोज सकाळी अंदाजाने पाच गोष्टी टिपा: अंथरुणात केव्हा गेलो, झोप लागायला किती वेळ लागला, मध्ये किती वेळ जागा होतो, उठलो केव्हा, आणि दिवसा किती झोपलो. मग हे गुणोत्तर काढा:

झोपेचे तास ÷ अंथरुणातले तास × १००

उत्तर ८५ किंवा त्याहून अधिक आले तर तुमचे ठीक चालले आहे. मात्र तासही मोजा. केवळ सहा तास अंथरुणात असलेल्याचे उत्तर ९५ आले, तरी त्याची झोप अपुरीच.

उदाहरणादाखल एका आजोबांचा हिशेब पाहू. ते रात्री नऊला अंथरुणात जातात, सकाळी सहाला उठतात. म्हणजे अंथरुणात नऊ तास. त्यांपैकी झोप साडेपाच तास. गुणोत्तर आले ६१. "मला झोपच लागत नाही," ही त्यांची तक्रार. पण दुपारी ते दीड तास झोपतात हे धरले, तर चोवीस तासांत सात तास झोप होतेच! त्यांना कमी पडते ती झोप नव्हे. जास्त होतो तो अंथरुणातला वेळ. त्यांनी दुपारची झोप वीस मिनिटांवर आणली आणि रात्री अकराला पाठ टेकली, तर काय फरक पडेल? आपल्या घरातल्या आजी-आजोबांना विचारून, त्यांची इच्छा असेल तर, त्यांचीही रोजनिशी लिहा.

आणखी एक. 'रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही' असे म्हणणाऱ्यांचा मेंदूलेख घेतला, तर त्यांना काही तास झोप लागल्याचे पुष्कळदा दिसते. ते खोटे बोलत नसतात. जागे असलेले क्षण लक्षात राहतात, झोपेतले राहत नाहीत, एवढेच.

हे मात्र करू नका

जागरणाचा विक्रम करण्याच्या भानगडीत पडू नका. अमेरिकेतील रँडी गार्डनर हा सतरा वर्षांचा विद्यार्थी विज्ञान-प्रदर्शनासाठी प्रयोग म्हणून १९६४ च्या जानेवारीपर्यंत सलग २६४ तास, म्हणजे अकरा दिवस जागा राहिला. त्याचे लक्ष लागेना, स्मरण बिघडले, तो चिडचिडा झाला. पुढे गिनेसच्या पुस्तकाने अशा विक्रमांची दखल घेणेच धोक्याचे म्हणून बंद केले. त्या प्रयोगातून एक चांगली गोष्ट कळली. जागरण संपल्यावर तो पहिल्या रात्री सुमारे १४ तास झोपला, अकरा रात्रींचे सगळे तास त्याला परत भरावे लागले नाहीत. शरीर झोपेची भरपाई मुख्यतः झोप अधिक गाढ करून करते, तास मोजून नव्हे.

घरातल्या कोणाची झोपेची गोळी स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नका. काही गोळ्यांची सवय लागते आणि सोडताना झोप आणखी बिघडते. आठवड्यातून तीन रात्री किंवा अधिक, असे तीन महिने झोपेचा त्रास होत असेल, झोपेत कोणी मोठ्याने घोरून मध्येच श्वास अडखळत असेल, किंवा झोपेबरोबर मनही सतत उदास राहत असेल, तर आईवडिलांना सांगा आणि डॉक्टरांकडे जा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. दीर्घ निद्रानाशावर मोठ्या माणसांना पहिला उपचार गोळ्यांचा नव्हे, तर वर सांगितल्यासारख्या सवयी आणि विचार बदलण्याचा द्यावा, अशी शिफारस अमेरिकेतील डॉक्टरांच्या एका संघटनेने २०१६ साली केली आहे.

पुन्हा परीक्षेची रात्र

आता पुन्हा त्या गणिताच्या पेपराच्या आदल्या रात्रीकडे येऊ. या वेळी तुम्ही काय कराल? दप्तर भरून ठेवाल. संध्याकाळचा चहा टाळाल. नऊला अंथरुणात न जाता रोजच्याच वेळी जाल. झोप लागली तर उत्तम. नाही लागली तर उठून दुसऱ्या खोलीत बसाल, एखादी गोष्ट वाचाल, आणि तासांचा हिशेब करणार नाही. कारण एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेने महिन्याभराचा अभ्यास पुसला जात नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे. पेंग साठतेच आहे, घड्याळ चालतेच आहे. उद्याची रात्र आजच्याहून गाढ झोपेची असेल.

ही खात्री पटली, की मनातला पहारेकरी खाली बसतो. आणि तो खाली बसला, की झोपेला यायला वाट मोकळी होते.